धुक्यातील मुक्काम

प्रस्तावना



'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण अनेकदा ऐकली असेल. दुरून निळा, मऊ, रेखीव दिसणारा डोंगर जवळ गेल्यावर काटेकुटे, घसरडी माती आणि उभे कातळ घेऊन समोर उभा राहतो. तरीही माणसे डोंगरात जातात. काही देवदर्शनासाठी, काही इतिहासाच्या ओढीने, तर काही केवळ चालण्याच्या आनंदासाठी. मराठी साहित्यात दुर्गभ्रमणाच्या लेखनाची समृद्ध परंपरा आहे. गो. नी. दांडेकर यांचे 'दुर्गभ्रमणगाथा' हे पुस्तक त्या परंपरेतील एक महत्त्वाचे पुस्तक मानले जाते.

प्रस्तुत पाठात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर उघड्या आकाशाखाली काढलेल्या एका रात्रीचा अनुभव सांगितला आहे. हरिश्चंद्रगड महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. त्याची उंची चौदाशे मीटरहून अधिक आहे. हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली हे अभयारण्य घोषित झाले. गडाच्या माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता नाही. जे लागेल ते पाठीवर वाहून न्यावे लागते. आपण महाराष्ट्रापासून दूर राहत असाल, तरी आपल्या जवळच्या एखाद्या डोंगराशी या अनुभवाची तुलना करून पाहा.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• अनुभवकथनाचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• डोंगरात पायी फिरताना व मुक्काम करताना घ्यावयाची काळजी स्पष्ट करू शकाल;
• प्रमाणभाषा व बोली यांतील फरक ओळखू शकाल;
• वाक्प्रचार व वाक्यांचे प्रकार यांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

(१)

१९९४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील ही गोष्ट. माझा भाचा त्या वेळी अठरा वर्षांचा होता. दहावीच्या परीक्षेत तो दोनदा अनुत्तीर्ण झाला होता आणि शाळा सोडून सायकलदुरुस्तीच्या दुकानात काम करीत होता. हात कुशल, पण बोलणे जवळजवळ थांबलेले. घरी कोणी काही विचारले, तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मिळे. "चार दिवस याला कुठेतरी घेऊन जा," असे बहिणीने मला सांगितले. मी हरिश्चंद्रगड सुचवला आणि तो 'हो' म्हणाला.

आळेफाट्याकडून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर खुबी फाट्याला आम्ही एस.टी.तून उतरलो, तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. गाडी तीन तास उशिरा आली होती. तेथून चालत खिरेश्वर गाव गाठले. गावात एक साठीचे गृहस्थ वाटाड्या म्हणून यायला तयार झाले. सगळे गाव त्यांना 'बाबा' म्हणे. आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्यांनी आमच्या पिशव्यांकडे पाहिले, मग सूर्याकडे पाहिले आणि म्हणाले,

"गुरुजी, आज हितंच ऱ्हावा. उनं कलली. सकाळच्याला निघू."

मला मात्र घाई होती. रजा मोजकी होती. संध्याकाळपर्यंत मंदिराजवळ पोहोचता येईल, असा हिशेब मी मनाशी केला होता. शिकवण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला आपला हिशेब चुकेल असे सहसा वाटत नाही. मी आग्रह धरला. बाबांनी खांद्यावर घोंगडी टाकली आणि फार न बोलता ते पुढे झाले.

वाटेवर पाण्याची सोय नाही, हे ठाऊक असल्याने आम्ही नऊ लिटर पाणी घेतले होते. त्यांपैकी सहा लिटरचे तीन डबे मी भाच्याच्या पाठीवर दिले. तो तरुण आहे, त्याला जड होणार नाही, असे मी गृहीत धरले. त्याला विचारले मात्र नाही.

(२)

तोलार खिंडीत पोहोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. तेथे वाघाचे शिल्प कोरलेली एक जुनी शिळा आहे. तिच्याशेजारी क्षणभर विसावून आम्ही कातळाच्या टप्प्याला भिडलो. सह्याद्रीचा हा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला लाव्हारस. त्यामुळे येथील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात : एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. दुरून ही रचना सुंदर वाटते. प्रत्यक्ष चढताना एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी असते. आज या टप्प्यावर आधारासाठी लोखंडी कठडे आहेत. पण उंचीची भीती कठड्याने जातेच असे नाही.

मी पुढे होतो, बाबा माझ्याही पुढे. भाचा मागे होता. मध्येच तो बराच वेळ दिसेनासा झाला. मी हाक मारली. "आलो, मामा," असे उत्तर आले. तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. दम लागला असेल, असे मी समजलो.

कातळ संपल्यावर गडाचे विस्तीर्ण पठार सुरू होते. येथून मंदिरापर्यंत लहानमोठ्या टेकाडांची चढउतार करीत दोन तास चालावे लागते. टेकाडे एकमेकांसारखीच दिसतात. एक ओलांडले की तसेच दुसरे समोर येते. वाळलेले गवत गुडघ्यापर्यंत होते. मधूनमधून कारवीची झुडपे. सात-आठ वर्षांतून एकदा ती फुलते, तेव्हा डोंगर जांभळा होतो, असे बाबा सांगत होते. सांगता सांगता ते थांबले. पश्चिमेकडून अवकाळी ढग पठारावर चढत होते. पाहता पाहता समोरचे टेकाड पुसले गेले, मग त्याच्या अलीकडचे झुडूप पुसले गेले. सव्वापाचच्या सुमारास आम्हाला एकमेकांचे पायही नीट दिसेनात.

मी म्हणालो, "बाबा, मंदिर उजव्या हाताला असणार. हळूहळू चालत राहू."

बाबांनी काठी जमिनीत रोवली. "न्हाई गुरुजी. आता हितंच बसायचं."

"पण इथे ना पाणी, ना आडोसा!"

"पानी हाय की आपल्याजवळ. रात काढायला पुरंल."

त्या वेळी भाचा पहिल्यांदा स्वतःहून बोलला. आवाज इतका बारीक होता की, मला पुन्हा विचारावे लागले.

"मामा, पाणी नाही. दोन डबे मी कातळावर ओतून दिले."

(३)

मी संतापलो. काय काय बोललो, ते येथे लिहिण्यासारखे नाही. परीक्षेचा विषयही मी त्यात आणला, हे मात्र कबूल केले पाहिजे. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी एवढेच म्हणाला, "पाठीवरचं वजन मागे ओढत होतं. मला वाटलं, मी पडणार. तुम्ही पुढे गेला होता. सांगायची लाज वाटली."

धुक्यात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाबांनी शिल्लक पाण्याचा अंदाज घेतला. भाच्याजवळचा एक डबा दोन लिटरचा. माझ्या बाटल्यांतील बहुतेक पाणी वाटेत संपले होते. तिघांत मिळून अडीच लिटर. ओहळ कोठे आहे ते बाबांना ठाऊक होते. मी म्हणालो, "विजेरी घेऊन आपण दोघे जाऊन येऊ."

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तहान रातभर सोसता येती, गुरुजी. कड्यावरून गेल्याला सोसायलाबी कोन उरत न्हाई."

मग ते भाच्याकडे वळले. "पोरा, पानी सांडलंस त्याचं काय न्हाई. भ्या वाटलं तर सांडनारच. पर तवाच हाळी द्यायची व्हती. मी खाली आलो असतो."

त्या रात्री आम्ही भात शिजवला नाही, कारण त्याला पाणी लागले असते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ खाल्ला. विस्तव पेटवू नका, असे बाबांनी निक्षून सांगितले. वाळलेले गवत कापरासारखे पेट घेते आणि वाऱ्याच्या दिशेला कोणाचेच ऐकू येत नाही. अंगातील ऊब जमीन ओढून घेते, म्हणून आम्ही ताडपत्रीवर सतरंजी दुहेरी अंथरली आणि पाठीला पाठ लावून बसलो. बाबांनी घोंगडीची खोळ करून ती भाच्याच्या डोक्यावरून घातली. दर दोन तासांनी प्रत्येकाला झाकणभर पाणी मिळे. वाटणी करण्याचे काम बाबांनी भाच्यालाच दिले. अंधारात झाकण हातात घेऊन तो आधी बाबांना देई, मग मला, शेवटी स्वतः घेई. एक थेंबही सांडत नव्हता.

पहाटे वारा फिरला. धुके हळूहळू खाली बसू लागले आणि उजाडताच आमच्या उजव्या हाताला पठार संपलेले दिसले. आम्ही बसलो होतो तेथून सुमारे चाळीस पावलांवर दरीची कड होती. काल संध्याकाळी मी ज्या दिशेला चला म्हणत होतो, तीच ती दिशा. बाबांनी तिकडे एकदा पाहिले आणि घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

दोन तासांनी हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराशी पोहोचलो. दगडात उभारलेले ते देखणे शिखर पाहण्याआधी आम्ही टाक्यापाशी गेलो. पाणी फडक्याने गाळून, उकळून, निववून प्यालो. पाण्याला चव असते, हे मला त्या दिवशी समजले. नंतर केदारेश्वराची गुहा पाहिली. तेथे भव्य शिवलिंगाभोवती बर्फासारखे थंड पाणी साचलेले असते आणि चार खांबांपैकी एकच खांब अखंड उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगे, अशी लोकांची श्रद्धा. चांगदेवांनी याच गडावर तप केले, असे परंपरा सांगते. दुपारी कोकणकड्यावर गेलो. अर्धचंद्रासारखा आत वळलेला तो प्रचंड कडा पालथे झोपूनच पाहावा, असा बाबांचा दंडक होता. भाच्याचे पाय बाबांनी धरले आणि माझे भाच्याने.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वाटेने उतरलो. कातळाच्या टप्प्याशी येताच भाचा थांबला. या वेळी त्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "मामा, मला भीती वाटते. यातले दोन डबे तुम्ही घ्या."

मी डबे घेतले. ते चांगलेच जड होते.

शब्दार्थ व टिपा

वाटाड्या – वाट दाखवणारा
कातळ – अखंड काळा खडक
टेकाड – लहान टेकडी
टाके – पाणी साठवण्यासाठी खडकात खोदलेला हौद
घोंगडी – मेंढीच्या लोकरीचे जाडेभरडे पांघरूण
खोळ – घोंगडी डोक्यावरून घेण्यासाठी घातलेली विशिष्ट घडी
हाळी – मोठ्याने मारलेली हाक
विजेरी – बॅटरी, टॉर्च
निववणे – गरम पदार्थ थंड होऊ देणे
दंडक – ठरलेला नियम

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.
(अ) हरिश्चंद्रगडाचा परिसर ........ अभयारण्यात येतो.
(आ) तोलार खिंडीत ........ शिल्प कोरलेली शिळा आहे.
(इ) बाबांनी पाण्याच्या वाटणीचे काम ........ दिले.
(ई) सकाळी दरीची कड सुमारे ........ पावलांवर दिसली.

आशय विवेचन

या पाठात संकट एकाएकी कोसळत नाही. ते लहान लहान चुकांतून तयार होते. गाडी उशिरा आली, हा योगायोग होता. पण उशीर झाल्यावरही निघण्याचा आग्रह लेखकाचा होता. जड ओझे न विचारता भाच्याच्या पाठीवर देणे, ही त्याचीच दुसरी चूक. भाच्याने पाणी ओतून देणे आणि ते लपवणे ही त्यानंतरची गोष्ट आहे. लेखक रागावतो तेव्हा सर्व दोष भाच्याचा असल्यासारखे बोलतो. परंतु सकाळी दरीची कड दिसल्यावर स्वतःचा हिशेबही चुकला होता, हे त्याला कळून येते. 'मीही बोललो नाही' या छोट्या वाक्यात ती कबुली आहे.

बाबांचे शहाणपण त्यांच्या अनुभवातून आले आहे. तहान आणि पडणे या दोन धोक्यांपैकी कोणता सोसता येतो, याचा निर्णय ते क्षणात घेतात. भाच्याला ते उपदेश करीत नाहीत; ज्याच्या हातून पाणी गेले, त्याच्याच हाती उरलेले पाणी सोपवतात. विश्वास शब्दांनी नव्हे, तर कृतीने कसा दिला जातो, हे येथे दिसते. पाठाच्या शेवटी भाच्याची भीती गेलेली नाही. ती वेळेवर सांगण्याचे धैर्य मात्र त्याला आले आहे.

डोंगरात जाताना लक्षात ठेवा

• जाण्याची वाट व परतण्याची वेळ घरी अथवा पायथ्याच्या गावी सांगून ठेवा. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचता येत नसेल, तर पायथ्याशीच थांबा.
• ओझे सर्वांच्या संमतीने वाटून घ्या. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असावा.
• दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. उन्हाळ्यातही एक उबदार कपडा जवळ ठेवा.
• धुक्यात वाट दिसेनाशी झाली, तर कड्यापासून दूर, आहात तेथेच थांबा.
• शौचासाठी पाण्यापासून निदान साठ मीटर दूर जा. सुमारे पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करून तो मातीने बुजवा. कचरा परत आणा.
• पाठातील अनुभव १९९४ सालचा आहे. अभयारण्यातील मुक्काम, तंबू व विस्तव यांविषयीचे नियम वेळोवेळी बदलतात. जाण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करा आणि नियम पाळा.
• संकटकाळी ११२ या क्रमांकावर मदत मागता येते. परंतु डोंगरात भ्रमणध्वनी चालेलच, असे गृहीत धरू नका.

भाषाभ्यास

(१) प्रमाणभाषा आणि बोली

'आता हितंच बसायचं' हे बाबांचे वाक्य प्रमाणभाषेत 'आता इथेच बसायचे' असे होईल. अर्थ तोच राहतो; पण बाबांचे व्यक्तिमत्त्व त्यांच्या बोलीतूनच जिवंत होते. बोली अशुद्ध नसते. ती त्या त्या प्रदेशातील लोकांची नित्याची भाषा असते. आपण घरी बोलता ती मराठी आणि या पुस्तकातील मराठी यांत कोणते फरक आहेत, ते पाहा.

(२) वाक्यांचे प्रकार

केवल वाक्य – बाबा पाठीला पाठ लावून बसले.
संयुक्त वाक्य – कातळ संपला आणि पठार सुरू झाले.
मिश्र वाक्य – जेव्हा धुके खाली बसले, तेव्हा दरीची कड दिसली.

केवल वाक्यात एकच विधान असते. संयुक्त वाक्यात दोन स्वतंत्र वाक्ये जोडलेली असतात. मिश्र वाक्यात एक वाक्य मुख्य व दुसरे त्यावर अवलंबून असते.

पाठगत प्रश्न २

(अ) 'पानी हाय की आपल्याजवळ' हे वाक्य प्रमाणभाषेत लिहा.
(आ) 'मी हाक मारली आणि भाच्याने उत्तर दिले.' या वाक्याचा प्रकार ओळखा.
(इ) 'चेहरा उतरणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगा.

आपण काय शिकलात

• निसर्गात फिरताना उत्साहाइतकाच संयम आवश्यक असतो.
• स्थानिक माणसांचे ज्ञान मोलाचे असते. ते ऐकले पाहिजे.
• भीती वाटणे हा दोष नाही. ती लपवल्याने स्वतःला व सोबत्यांना धोका निर्माण होतो.
• चूक झालेल्या माणसावर पुन्हा जबाबदारी सोपवणे, हा त्याला सावरण्याचा एक मार्ग आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बाबांनी रात्री विस्तव पेटवू का दिला नाही?
(आ) भाच्याने पाणी ओतून दिल्याचे लगेच का सांगितले नाही?

२. पुढील प्रश्नांची सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) पाण्याच्या टंचाईला लेखक कितपत जबाबदार आहे? पाठाच्या आधारे आपले मत मांडा.
(आ) 'मी डबे घेतले. ते चांगलेच जड होते.' या शेवटाचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
चेहरा उतरणे, आग्रह धरणे, मान खाली घालणे, गृहीत धरणे

४. उपक्रम
आपल्या भागातील एखाद्या डोंगराची, टेकडीची किंवा वनाची माहिती तेथील वयस्कर व्यक्तीला विचारा. तिच्या बोलण्यातील पाच शब्द जसेच्या तसे लिहून घ्या आणि त्यांचे प्रमाणभाषेतील रूप त्यांच्यासमोर लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) कळसूबाई–हरिश्चंद्रगड (आ) वाघाचे (इ) भाच्याला (ई) चाळीस

प्रश्न २ : (अ) पाणी आहे की आपल्याजवळ. (आ) संयुक्त वाक्य (इ) निराश किंवा खिन्न दिसणे